विला कॅथर वाचायची आहे, पण सुरुवात कुठून? ‘ओ पायोनियर्स!’ की ‘माय आंतोनिया’

बहुतेक जण अमेरिकन कादंबरीकार विला कॅथरची ‘माय आंतोनिया’ (1918) आधी वाचायला सांगतात. मी मात्र ‘ओ पायोनियर्स!’ (1913) आधी हातात देईन. का, ते समजायला तिच्या आयुष्याकडे थोडं बघावं लागतं.

कॅथरचा जन्म 1873 चा, व्हर्जिनियातला. नऊ वर्षांची असताना कुटुंब नेब्रास्कात, अमेरिकेच्या मधल्या माळरानातल्या राज्यात, आलं. डोंगर-झाडीतून आलेली मुलगी, आणि समोर नजर पोचेल तिथवर नुसतं गवत. शेजारी स्वीडिश, बोहेमियन (म्हणजे आजच्या चेक प्रदेशातले), जर्मन. कित्येकांना इंग्रजीही धड येत नव्हतं. पुढे नेब्रास्कातल्याच लिंकन शहरातल्या विद्यापीठातून ती 1895 मध्ये पदवीधर झाली, पिट्सबर्गमध्ये पत्रकारिता आणि शिक्षकी केली, मग न्यूयॉर्कला ‘मॅक्ल्यूअर्स’ मासिकात संपादकपदापर्यंत पोचली. त्या नोकरीत लेखन मागे पडत होतं. सारा ऑर्न ज्युएट या ज्येष्ठ लेखिकेने तिला पत्र लिहून तळमळीने सांगितलं, की लेखनासाठी शांतता आणि वेळ मिळव. पहिली कादंबरी नेब्रास्कावर नव्हतीच. दुसरी ‘ओ पायोनियर्स!’, ती आली तेव्हा कॅथर 39 वर्षांची होती, आणि ती तिने ज्युएटलाच अर्पण केली. लेखिकेला आपली जमीन सापडल्याचा आनंद या पुस्तकात पानोपानी जाणवतो.

त्याची नायिका अलेक्झांड्रा बर्गसन. वडील मरताना शेत तिच्या हाती सोपवतात. दुष्काळाची वर्षं येतात, शेजारी गाशा गुंडाळतात, भावांनाही जमीन विकून निघून जायचंय. अलेक्झांड्रा नदीकाठची शेतं स्वतः हिंडून बघून येते आणि उलटंच ठरवते: घरची जमीन गहाण टाकायची आणि माळावरची आणखी जमीन घ्यायची. पुढच्या भागात कथा थेट वडिलांच्या मृत्यूनंतरच्या सोळाव्या वर्षी उघडते, तेव्हा माळाचं शिवार झालेलं असतं. मधला खटाटोप कॅथर गाळते. मला आधी हे खटकलं होतं. आता वाटतं, तिला यशाची कहाणी सांगायचीच नव्हती, त्या यशानंतरचा बाईचा एकटेपणा दाखवायचा होता. कारण मग तेच भाऊ येऊन म्हणतात, की घरची मालमत्ता शेवटी पुरुषांचीच. बहिणीने हिस्सा मागितल्यावर घरात काय होतं हे पाहिलेल्या कुणालाही तो प्रसंग झोंबेल.

‘माय आंतोनिया’ची तऱ्हा निराळी. इथे सांगणारा आहे जिम बर्डन, लहानपणी व्हर्जिनियातून नेब्रास्कात आलेला अनाथ मुलगा. तो बोहेमियन आंतोनिया शिमेर्दाची गोष्ट आठवेल तशी सांगतो. सलग कथानक हवं असेल तर इथे चाचपडायला होईल. मधेच आंतोनिया कितीतरी पानं दिसतच नाही. पण एकेक प्रसंग असा की विसरता येत नाही. उपासमारीच्या हिवाळ्यात जिमची आजी शिमेर्दांकडे खायला घेऊन जाते. परत निघताना आंतोनियाची आई तिला कसलेसे तपकिरी, उग्र वासाचे तुकडे देते. हे काय असावं ते न कळून आजी ते चुलीत टाकते. जिमने त्यातला एक चावून बघितलेला असतो. कितीतरी वर्षांनी त्याला कळतं, की ती दूरच्या बोहेमियाच्या रानातून जपून आणलेली वाळवलेली अळंबी होती. परक्या देशात आलेल्या माणसाची किंमत कशी चुकते, हे याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

आंतोनियाच्या मागे खरी बाई होती: अ‍ॅनी पावेल्का, माहेरची सादिलेक, कॅथरची बालपणापासूनची मैत्रीण. कादंबरीतल्या आंतोनियाच्या वडिलांसारखीच तिच्या वडिलांनीही खरोखर आत्महत्या केली होती. त्यामुळे या पुस्तकातली माया उसनी वाटत नाही.

दोन्हींत उणिवा आहेत. माळ जणू रिकामाच होता असं ती लिहिते. तिथल्या पॉनी जमातीच्या आणि इतर मूळ लोकांना जवळपास जागाच नाही. ‘आंतोनिया’तल्या कृष्णवर्णीय पियानोवादकाचं वर्णन तर आज वाचवत नाही.

तरी निवड करायचीच तर अशी करा. वेळ कमी असेल, शेतीत आणि घरच्या राजकारणात रस असेल, तर ‘ओ पायोनियर्स!’, ते आटोपशीर आहे आणि शेवटाकडे एक भयंकर वळण घेतं. आठवणींत रमणारे असाल, गाव सोडून आलेले असाल, किंवा कॅथरचं एकच पुस्तक वाचणार असाल, तर ‘आंतोनिया’. दोन्ही वाचणार असाल तर माझाच क्रम धरा: आधी जमीन ओळखीची झाली की आंतोनिया त्या जमिनीतूनच उगवल्यासारखी भेटते. पुलित्झर मिळालं म्हणून ‘वन ऑफ अवर्स’ (1922) पासून मात्र सुरुवात करू नका. त्याचा शेवटचा भाग पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्समध्ये घडतो आणि माळ मागे राहतो.

कॅथर 1947 मध्ये गेली, त्यामुळे दोन्ही पुस्तकं आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत आणि नेटवर फुकट मिळतात. ‘आंतोनिया’ घेताना बेंडा या चित्रकाराची रेखाचित्रं असलेली आवृत्ती मिळते का बघा. ती चित्रं कॅथरने स्वतः आग्रहाने त्याच्याकडून काढवून घेतली होती.