आठ बाय बेचाळीसची दुर्बीण : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात मी ८×४२ ची दुर्बीण विकत घेतली आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक रविवारी ती गळ्यात अडकवून नागपूरच्या अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावाच्या काठी पक्षी पाहायला गेलो आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि या किमतीच्या बहुतेक दुर्बिणींना त्या थोड्याफार फरकाने लागू पडतील. ही दुर्बीण मी एकट्याने वापरलेली नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. आमच्या रविवारच्या मंडळींत सात-आठ जण असतात, चांगल्या दुर्बिणी दोन किंवा तीनच, त्यामुळे माझी दुर्बीण सकाळभर हातोहात फिरते. तिचे गुणदोष मला जेवढे माझ्या डोळ्यांनी कळले, त्याहून अधिक या मंडळींच्या डोळ्यांनी कळले, आणि हे डोळे आयुष्यभर कोणकोणत्या कामात मुरलेले आहेत, हेही याच फिरवाफिरवीत उघड होत गेले.

आधी गणित. आठ म्हणजे आठपट मोठे दिसणे आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. बेचाळिसाला आठाने भागले की ५.२५ येतात; नेत्रभिंगातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिलिमीटर रुंदीचा असतो. १०×४२ च्या दुर्बिणीत तो ४.२ वर येतो, म्हणजे दृश्य तेवढे अंधारते. हिवाळ्यात सकाळी साडेसहाला तलावावर धुके असताना हा फरक प्रत्यक्ष जाणवतो. शिवाय दहापटीत हाताचे थरथरणेही दहापट होते, आणि आमच्यापैकी बहुतेकांची साठी उलटलेली आहे. दुकानदाराचा आग्रह दहाचा होता. तो मी मानला नाही, याचे आजही समाधान आहे.

प्रतिमा मध्यभागी स्वच्छ आणि कडेला किंचित मऊ पडते, असे माझे पहिल्या दिवसापासूनचे मत होते. दुसरा दोष मात्र मला दिसलाच नव्हता. डिसेंबरात एका सकाळी पांढुरक्या आभाळाखाली वठलेल्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून बसला होता. आमच्यातले एक गृहस्थ दुर्बीण डोळ्यांना लावून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘काळ्याच्या कडेला जांभळी झाक मारते हो ही.’’ मी पाहिले तर खरोखरच पंखाच्या काठावर केसाएवढी जांभळी रेघ होती. विचारल्यावर कळले की इतवारीच्या सराफ्यात त्यांनी चाळीस वर्षे खडे बसवण्याचे काम केले आहे. तोपर्यंत दोन हिवाळे आम्ही त्यांना केवळ ‘शिक्रा ओळखणारे भाऊ’ म्हणून ओळखत होतो. त्यांच्याबाबत एक गंमतही आहे. एका डोळ्याने खड्यांचे भिंग वापरण्याची सवय इतकी पक्की आहे की दुर्बिणीतही ते डावा डोळा मिटूनच पाहतात, म्हणजे निम्मी दुर्बीण त्यांच्यापुरती वायाच जाते. ही जांभळी झाक स्वस्त भिंगांत कमीअधिक असतेच. पाण्यावरच्या बदकांना तिचा त्रास नाही, आभाळापुढच्या काळ्या पक्ष्यांना आहे.

फोकसचे चाक मऊ आहे, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला दीड फेरा लागतो आणि झुडपातल्या चपळ पक्ष्यासाठी तो जास्त आहे. ही तक्रार सर्वांत आधी रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकाजींनी केली. ते इतवारी-नागभीड या छोट्या गाडीवर इंजिन चालवत असत. ७६२ मिलिमीटर रुंदीचा तो मार्ग २०१९ च्या अखेरीस मोठ्या रुळांसाठी बंद झाला. सिग्नल दिसताच चालकाने तो मोठ्याने उच्चारायचा आणि सहायकाने तो परत उच्चारायचा, ही त्यांची नोकरीतली शिस्त होती. आजही त्यांना पक्षी दिसला की ते आधी जागा आणि मग नाव खणखणीत आवाजात सांगतात, ‘‘डाव्या बाजूले, बाभळीवर, खंड्या जी!’’ आणि शेजारच्याने ते शब्द परत उच्चारेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. पक्षी या आवाजाने उडतात, हे खरे आहे. परंतु कोणता पक्षी कुठे होता याविषयी आमच्यात वाद होत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

जानेवारीत दरवर्षी आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे. यंदा त्या काळात आम्हीही आपल्या हौसेने तलावावर मोजणी करून पाहिली, आणि दुर्बिणीचे विस्तृत दृश्यक्षेत्र हा तिचा खरा गुण असल्याचे त्या दिवशी ध्यानात आले. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या वारकरी पक्ष्यांचा मोठा थवा पाण्यावर पसरला होता आणि मी एकेक मोजताना तिसऱ्यांदा चुकलो होतो. बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेल्या एका सोबत्याने दुर्बीण घेतली, थव्यातल्या दहांचा एक पुंजका नजरेत धरला आणि तेवढ्याच आकाराचे पुंजके सरकवत नेले. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मात्र त्या वेळी तर्जनीवर नोटा सरकवल्यासारखा हलत होता. दोन वेळा मोजून दोन्ही वेळा २३० हाच आकडा आला. त्याच सकाळी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका ताई मनगटावरचे घड्याळ आणि टिबुकली आळीपाळीने पाहत होत्या. पक्षी पाण्याखाली किती सेकंद राहतो ते त्या टिपून ठेवतात. रुग्णाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजण्याची सवय हातातून गेलेली नाही, असे त्यांनीच सांगितले.

आता मोठी तक्रार. उजव्या नेत्रभिंगाखालची डायऑप्टरची कडी पहिल्या तीन महिन्यांतच सैल झाली. दोन्ही डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढण्यासाठी ही कडी असते : आधी डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर प्रतिमा स्पष्ट करायची, मग उजव्या डोळ्यासाठी ही कडी फिरवायची, आणि त्यानंतर तिला हात लावायचा नाही. आमच्याकडे ती आपोआपच फिरते, पिशवीतून काढतानाही फिरते, आणि हातोहात जाणाऱ्या दुर्बिणीत तर प्रत्येकजण ती आपल्यापुरती फिरवतोच. काकाजींच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असल्याने त्यांचा फरक सर्वांत मोठा आहे. हमीच्या काळात दुर्बीण परत पाठवली तर ती पाच आठवड्यांनी ‘दोष आढळला नाही’ अशा चिठ्ठीसह जशीच्या तशी आली.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिल्याने डोळ्यांजवळच्या रबराच्या वाट्या चिकट झाल्या आहेत. नागपूरच्या उन्हात दुर्बीण गाडीत ठेवू नये, ही चूक सर्वस्वी माझी. पावसाळ्यात आतून भिंगांवर वाफ धरलेली नाही, म्हणजे वाफ धरू नये म्हणून आत नायट्रोजन भरल्याचा कंपनीचा दावा निदान आजपर्यंत खरा ठरला आहे. सोबतचा पट्टा अरुंद असून मानेला काचतो, तो बदलावा.

माझ्या स्वतःच्या नोकरीविषयी मी या मंडळींत काही बोललो नव्हतो. ‘सरकारी खात्यात होतो’ एवढेच सांगत असे. मी भूमी अभिलेखात मोजणीदार होतो, आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, मोजणीत एका बाजूचा शेतकरी नाराज होऊनच घरी जातो, हे छत्तीस वर्षे पाहिलेल्या माणसाला रविवारची सकाळ तरी त्यातून मोकळी हवी असते. दुर्बिणीशी माझी ओळख मात्र तिथलीच. मोजणीच्या जुन्या थिओडोलाइट यंत्राच्या दुर्बिणीतून प्रतिमा उलटी दिसते. नोकरीच्या सुरुवातीची कित्येक वर्षे मी झेंड्या धरून उभी असलेली माणसे डोके खाली आणि पाय वर अशीच पाहिली आहेत. मार्चमध्ये गोरेवाड्याला पलीकडच्या काठावर एक तिरंदाज पक्षी बसला होता आणि तो किती लांब आहे यावर चर्चा चालली होती. मी नकळत म्हणून गेलो, ‘‘पंधरा साखळ्या असेल.’’ तेहतीस फुटांची साखळी. पंधरा साखळ्या म्हणजे साधारण दीडशे मीटर. रोखपालाने दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे पाहिले. ‘‘साखळी म्हणता म्हणजे तुम्ही मोजणीतले,’’ ते म्हणाले. मी हो म्हटले. पुढच्या रविवारी ते काटोलकडच्या आपल्या वावराचा नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले आणि तलावाच्या कठड्यावर आम्ही तो उलगडला. भावाभावांतला वाद होता, टिपण (मूळ मोजणीची नोंद) जुने होते आणि फाळणीत (पोटहिश्शांच्या मोजणीत) मला एक आकडा खटकला. पाऊण तास त्यात गेला. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी माझ्या दुर्बिणीतून यंदाचा पहिला स्वर्गीय नर्तक पक्षी पाहिला आणि मी तो चुकवला.

सैल कडीवर इलाज ताईंनीच केला. त्यांच्या पर्समध्ये मायक्रोपोर या मलमपट्टीच्या चिकटपट्टीची गुंडाळी असतेच. तिचा बोटभर तुकडा त्यांनी कडीशेजारच्या नळीवर चिकटवला आणि मी माझ्या नंबरावर निळ्या बॉलपेनने रेघ ओढली. कडी अजूनही फिरते, पण रेघेवर आणायला क्षणभर पुरतो. पुढे रोखपालांनी आपली रेघ लाल शाईत ओढली, ताईंनी हिरव्या आणि सराफांनी काळ्या. काकाजींची रेघ पट्टीच्या बाहेर जात होती; त्यांच्यासाठी पट्टी वाढवावी लागली.