रात्री पाय वळवळणाऱ्यांच्या गोळ्या: प्रॅमिपेक्सोल, प्रीगॅबालिन आणि लोह यांचा रिव्ह्यू

प्रॅमिपेक्सोल पहिल्या काही रात्रींतच काम करते आणि तिची खरी अडचण तिथूनच सुरू होते. दिवेलागणीला पायांत वळवळ सुरू, चेपून घेतले की तेवढ्यापुरतं बरं, उठून येरझाऱ्या घातल्याशिवाय चैन नाही, अशा स्थितीत महिनोन्‌महिने काढलेल्या माणसाला ही गोळी जादूच वाटते. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तीच गोळी आजार वाढवू लागते, तेव्हा संशय तिला सोडून बाकी सगळ्यांवर जातो. म्हणून इथे रेस्टलेस लेग्सच्या, म्हणजे या वळवळीच्या आजाराच्या, औषधांना जोखताना 'किती लवकर फरक पडतो' याला कमी वजन दिलं आहे. वर्षभरानंतर काय होतं आणि त्रास झालाच तर तो आवरता येतो का, याला जास्त.

आधी प्रॅमिपेक्सोल. या आजारात सुरुवात ०.१२५ मिलिग्रॅमने, झोपण्याआधी २ ते ३ तास. वळवळ आधीच सुरू झाली असेल तर गोळीचा जोर तोकडा पडतो, त्यामुळे अंथरुणावर पडताना घेणं ही वेळ चुकीची. वाढवायची असेल तर ४ ते ७ दिवस थांबून, आणि ०.५ च्या वर जायचं नाही. पार्किन्सन्समध्ये हीच गोळी दिवसाला ४.५ मिलिग्रॅमपर्यंत जाते, म्हणून दुकानातून आणलेल्या पाकिटावरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. ०.१२५ शिल्लक नाही, ०.५ चे चार तुकडे करा, असा सल्ला काउंटरवर मिळू शकतो. चतकोर कधी सारखे पडत नाहीत, आणि 'ईआर' लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी तर तोडायचीच नसते. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना तिथल्या पाकिटावर ०.०८८ दिसेल. तिथे क्षार वगळून वजन लिहितात, औषध तेवढंच असतं.

मळमळ हा पहिला त्रास. गोळी थोडं खाऊन घेतली आणि मात्रा सावकाश वाढवली तर तो बहुतेकांचा दोनेक आठवड्यांत ओसरतो. इथेच एक मोठी चूक होते: मळमळीवर पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल घेतली जाते. त्यांतली अनुक्रमे मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधं मेंदूत डोपामिन अडवतात, आणि प्रॅमिपेक्सोल तर डोपामिनचंच काम करते, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. वळवळ दुपटीने परत येते आणि 'गोळी लागू पडली नाही' असा निष्कर्ष निघतो. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे ते चालतं, मात्र हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी आधी विचारावं. ऑन्डान्सेट्रॉनने, म्हणजे एमसेटने, पाय बिघडत नाहीत.

दुसरा त्रास उठताना डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा. रात्री लघवीला उठणारे वयस्क आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांनी बिछान्याच्या कडेला मिनिटभर बसून मगच पाऊल टाकावं. तिसरा, दिवसा अचानक डुलकी लागण्याचा. असं एकदाही झालं तर डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत गाडी चालवायची नाही.

चौथ्याबद्दल मात्र दवाखान्यात बोललं जात नाही, आणि यासाठी या गोळीचे गुण आम्ही सरळ कापतो. काहींना तिने अनावर ओढ लागते: ऑनलाइन रमी, लॉटरी, मध्यरात्रीची खरेदी, खात सुटणं, लैंगिक वागण्यात बदल. तो माणूस बेफिकीर झाला म्हणून नव्हे, औषधाने मेंदूतली बक्षिसाची वाट उघडी टाकली म्हणून हे होतं. ज्याला होतं त्याला स्वतःला ते खटकत नाही. उपाय साधा आहे: गोळी सुरू होताना घरातल्या एकाला हे स्पष्ट सांगायचं आणि महिन्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट त्याच्यासमोर उघडायचं. अशी ओढ लागली तर औषध बदलणं हाच तोडगा. समजावून सांगून ती जात नाही.

आता सगळ्यात मोठा दोष. त्याला डॉक्टर ऑगमेंटेशन म्हणतात, आपण उलटणं म्हणू. वळवळ पूर्वी रात्री ९ ला यायची ती ५ ला येते. पूर्वी अर्धा तास बसता यायचं, आता पाच मिनिटांत पाय हलतात. पायांपुरती होती ती हातांत शिरते. आणि मात्रा वाढवली की तीन-चार आठवडे बरं, पुन्हा तेच. हे शेवटचं लक्षण ओळखा, कारण मात्रा वाढवत जाणं म्हणजे इथे आगीत तेल. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत ७१९ रुग्ण होते. वर्षभराच्या आत प्रॅमिपेक्सोल ०.५ घेणाऱ्यांत ७.७ टक्क्यांना उलटण्याचा त्रास झाला, प्रीगॅबालिन ३०० घेणाऱ्यांत २.१ टक्क्यांना. वर्षागणिक ही भर पडत जाते. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या औषधाची गत याहून वाईट, ती रोज घेण्यासाठी नव्हेच. रोपिनिरोल प्रॅमिपेक्सोलच्याच जातकुळीतली: ०.२५ ने सुरुवात, कमाल ४ मिलिग्रॅम. फरक एवढाच की प्रॅमिपेक्सोल मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि रोपिनिरोल यकृतात मोडते. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर पहिलीची मात्रा जपून ठरवावी लागते, आणि दुसरी चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स दिला तर तिची रक्तातली पातळी चढते.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्ही गोळ्या सरसकट वापरू नयेत असं सुचवलं, ते या उलटण्यामुळेच. ज्यांची आधीच चालू आहे त्यांनी घाबरून एका रात्रीत बंद करू नये. एकदम सोडली तर घाबरेपणा, घाम, उदासी आणि झोपेचा पूर्ण बोजवारा उडतो. आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचं, मग दुसरं औषध लागू पडेल एवढ्या मात्रेवर आणायचं, आणि त्यानंतर प्रॅमिपेक्सोल साधारण दोन आठवड्यांनी ०.१२५ या हिशेबाने उतरवायची, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शेवटचा तुकडा सोडतानाच्या काही रात्री सगळ्यात वाईट जातात. त्या आठवड्यात लग्नकार्य, प्रवास, परीक्षा ठेवू नका.

गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन यांना आमची पहिली पसंती, जरी पहिल्या आठवड्यात ती मंद वाटली तरी. गॅबापेंटिन ३०० पासून, पासष्टीपुढे १०० पासून. प्रीगॅबालिन ७५ पासून, वयस्कांत ५० पासून. झोपण्याआधी एक ते तीन तास. भरल्या पोटी प्रीगॅबालिन चढायला उशीर लागतो, त्यामुळे जेवण नऊला आणि गोळीही नऊला असेल तर अकराला पडल्यावर परिणाम अर्धाच मिळालेला असू शकतो. गॅबापेंटिनची गंमत वेगळी: मात्रा वाढली की आतडं तिचा कमी वाटा शोषतं. दिवसाला ९०० घेतलं तर सुमारे ६० टक्के अंगी लागतं, २४०० घेतलं तर ३४ टक्के. म्हणून एका वेळी ६०० च्या वर ढकलण्यापेक्षा संध्याकाळी थोडी आणि झोपताना थोडी अशी विभागणी परवडते. डिजीनसारखं अँटासिड घेतलं असेल तर मध्ये दोन तास सोडा.

यांचे त्रास: गुंगी, चक्कर, वजन, घोट्याला सूज, आणि शब्द ओठावर येऊन अडण्याची तक्रार. सकाळी डोकं जड राहत असेल तर मात्रा कमी करण्याआधी गोळी तासभर लवकर घेऊन पाहा. सूज आली की आधी बाकीच्या गोळ्या पाहा. अ‍ॅम्लोडिपिननेही घोटे सुजतात आणि मधुमेहाच्या पायोग्लिटाझोननेही. तिन्ही एकत्र असतील तर दोष कुणाचा ते डॉक्टरांनाच एकेक बदलून ठरवावं लागतं. वजन सुरू करण्याच्या दिवशी लिहून ठेवा, नाहीतर चार किलो वाढल्यावर दिवाळीच्या फराळाला बोल लागतो. दोन्ही औषधं मूत्रपिंडातूनच जातात, त्यामुळे क्रिएटिनिन इथेही आधी. दारू, झोपेच्या किंवा अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांबरोबर घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. घोरणाऱ्या आणि दमेकरी माणसाने हे हलक्यात घेऊ नये. वर सांगितलेल्या चाचणीत प्रीगॅबालिनच्या गटात ६ जणांच्या मनात आत्महत्येचे विचार आले होते, त्यामुळे मन खचत चाललं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. बंद करतानाही किमान आठवडाभर उतरवत न्यायचं.

खरेदीतला सापळा इथे आहे. आपल्याकडे ही औषधं क्वचितच एकटी मिळतात. बरोबर मिथिलकोबालामिन असेल तर नुकसान नाही. बी-१२ कमी नसेल तर पायांना त्याचा उपयोगही नाही. पण नावामागे 'एनटी' असेल तर आत नॉर्ट्रिप्टिलिन आहे, आणि ते काहींच्या पायांची वळवळ वाढवतं. नसांच्या दुखण्यासाठी ते मिश्रण रास्त आहे, रेस्टलेस लेग्ससाठी नाही. केमिस्टने 'तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं' म्हणून दिलं तरी घटक वाचा.

लोह हे या यादीतलं सगळ्यात दुर्लक्षित औषध. हिमोग्लोबिन १३ आहे म्हणून लोह ठीक, हा समज चुकीचा. मेंदूला लागणारं लोह फेरिटिनवरून जोखतात. प्रयोगशाळेच्या कागदावर ३० 'नॉर्मल' छापून येतं, पण या आजारात ७५ किंवा त्याखाली, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातलं लोह वाहणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) २० टक्क्यांखाली असेल तर लोह द्यावं असं तज्ज्ञ सांगतात. तपासणी सकाळी उपाशीपोटी, आदल्या दिवसभरात लोहाची गोळी न घेता. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा थांबा.

गोळी असेल तर दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर. रोज दोन-तीनदा घेतल्याने जास्त शोषलं जात नाही, कारण पहिल्या मात्रेनंतर शरीर दिवसभर दार अर्धं लावून घेतं. वाढते ती फक्त बद्धकोष्ठता. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. सकाळच्या चहाबरोबर घेतलेली ऑरोफर एक्सटी म्हणजे बरंचसं लोह वायाच. शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी असेल तर मात्र दाखवा. फरकाला तीन महिने लागतात.

पोटाला गोळी सोसत नसेल, किंवा फेरिटिन ७५ ते १०० च्या मध्ये असेल, तर शिरेतून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोह. पुण्याच्या एमक्युअरची ऑरोफर एफसीएम ही त्यातलीच. १००० मिलिग्रॅम सलाइनमध्ये मिसळून किमान १५ मिनिटांत, पुढे अर्धा तास तिथेच बसवून. सुई शिरेतून सरकली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने राहतो. जळजळ वाटताच ओरडून थांबवायला सांगा. नंतरच्या आठवड्यांत कमालीचा थकवा, हाडं दुखणं जाणवलं तर फॉस्फरस तपासावं, या औषधाने ते उतरतं. पायांतला फरक दुसऱ्या दिवशी शोधू नका, त्याला सहा ते बारा आठवडे लागतात.

क्लोनाझेपाम: झोप लागते, पाय सुधारत नाहीत, आणि अंगात दीड दिवस रेंगाळल्याने म्हातारी माणसं पडतात. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकानेही आजार उलटल्याचं नोंदलं आहे. दोन्हींना आमचे गुण नाहीत.

चिठ्ठीवरच्या शेजाऱ्यांकडेही बघा. सर्दीची सिनारेस्ट, खाजेची एविल, पित्ताच्या गोळीतलं लेव्होसल्पिराइड, नैराश्यावरचं मिर्टाझापिन: यांतलं काही नुकतंच सुरू झालं असेल तर वळवळीचं औषध वाढवण्याआधी हे बदलता येतं का विचारा. खाजेला अ‍ॅलेग्रा चालते. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात आदल्या दिवशी कागद द्या: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, फेनर्गन, हॅलोपेरिडोल टाळा, उलटीला ऑन्डान्सेट्रॉन, आणि नेहमीची रात्रीची गोळी चुकू देऊ नका.