महामार्गालगतची हवा कशाने मोजावी?

जळगावातून जाणाऱ्या जुन्या सुरत–नागपूर महामार्गालगत, आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली या पट्ट्यात, शाळा, दवाखाने आणि वसाहती दाटीने उभ्या आहेत. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही या शहराचा समावेश आहे. इथल्या एखाद्या शाळेला वाहनांचे प्रदूषण मोजायचे असेल, तर धूळ मोजायची की धूर, हे आधी ठरवावे लागते.

स्वयंचलित केंद्र सर्वांत विश्वासार्ह असते, परंतु त्याचा खर्च कोटीच्या घरात जातो आणि ते एकाच जागेची हवा सांगते. फिल्टर पेपरवर धूळ साठवून वजन करण्याची जुनी पद्धत आठवड्यातून दोनच दिवस राबवली जाते. शाळेसमोर हे दोन्ही पर्याय उरत नाहीत.

काही हजारांत मिळणारा सेन्सर कणांवर पडलेल्या लेझरच्या विखुरण्यावरून अंदाज बांधतो. पावसाळ्यात दमट हवेने कण फुगले की तो आकडा वाढवून दाखवतो, आणि मे महिन्यात रस्त्याच्या कडेची जाडी धूळ उडते तेव्हा तीच त्याच्या नजरेतून बरीचशी सुटते. शिवाय ट्रकचा धूर आणि शिवारात पेटवलेल्या पऱ्हाटीचा धूर त्याला सारखाच दिसतो. त्याच्या बाजूने सांगण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे सकाळी शाळा भरताना आकडा कसा चढतो, हे तो मिनिटागणिक दाखवतो.

वाहनांची खूण मात्र नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये अधिक स्पष्ट दिसते. त्यासाठी बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी, तोंड खाली करून, दोन ते चार आठवडे खांबाला बांधतात. टोपणातल्या रसायन लावलेल्या जाळीत वायू शोषला जातो आणि प्रयोगशाळा सरासरी काढून देते. तासांचा चढउतार तिच्यातून कळत नाही, तरी एकाच वेळी दहा जागा मोजता येतात, आणि शाळेच्या फाटकाजवळची नळी व दोनशे मीटर आतल्या गल्लीतली नळी यांतला फरक बहुतांशी रस्त्याचाच असतो.

म्हणून माझ्या मते पहिला पैसा नळ्यांवर घालावा. नायट्रोजन डायऑक्साइडची आपल्याकडील वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 10 सुचवली. मात्र एका महिन्याचा आकडा या मर्यादांशी ताडून पाहू नये, तिन्ही ऋतूंत मोजणी करावी. सेन्सर नंतर घ्यावा, आणि फाटकावर लावण्यापूर्वी काही आठवडे सरकारी केंद्राशेजारी ठेवून त्याची चूक किती, हे नोंदवून घ्यावे.