साइटमॅपची खबरबात: पॅनलमध्ये जाऊन पाहायची की एजंटला विचारायची?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका खोलीतून मी चौदा वेबसाइट सांभाळतो. इतवारीतलं साड्यांचं दुकान, दोन कोचिंग क्लास, संत्र्याच्या पेट्या घरपोच देणारे एक भाऊ, असा सगळा कारभार. मृग बहाराची संत्री यायची वेळ झाली की भाऊंचा फोन ठरलेला: "नवं पान गुगलवर काहून दिसून नाही राहिलं?" मग पहिलं काम म्हणजे गुगलनं साइटमॅप (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल) शेवटचा कधी वाचला ते बघणं. महिन्याभरापूर्वी या कामासाठी मी एआय एजंटला, म्हणजे जोडलेली टूल स्वतः वापरून काम करणाऱ्या एआयला, सर्च कन्सोलचं टूल जोडलं. सर्च कन्सोल म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारी गुगलचीच सेवा. ते जोडावं का, असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून हे लिहितोय.

आधी हाताची पद्धत. सर्च कन्सोलचं पॅनल उघडा, साइटमॅपच्या पानावर जा. साइटमॅप कधी दिला, कधी वाचला गेला, स्थिती काय आणि किती पानं सापडली, हे एका ओळीत मिळतं. एका साइटला मिनिटभर पुरतं. चौदा साइट असल्या की मात्र चौदा वेळा प्रॉपर्टी (सर्च कन्सोलमध्ये नोंदवलेली साइट) बदलताना जीव जातो, आणि नवव्या साइटला आपण नुसता हिरवा रंग बघून पुढे सरकतो.

एजंट हीच माहिती एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमनं थेट माहिती मागायच्या वाटेनं आणतो. सोमवारी सकाळी "सगळ्या साइटचे साइटमॅप बघ, ज्यात गडबड आहे तेवढेच सांग" एवढं म्हटलं की चहा संपायच्या आत यादी हजर. पण ती वाचताना डोकं जागेवर ठेवावं लागतं. साड्यांच्या दुकानाबद्दल त्यानं सांगितलं, "शेवटचं वाचन काल रात्री 8:40, त्रुटी 0." आम्ही तर साइटमॅप दुरुस्त केला होता रात्री 11 वाजता. म्हणजे जुनीच फाइल वाचली की काय? मूळ उत्तर मागवलं तेव्हा वेळेच्या शेवटी 'झेड' दिसला. वेळ यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली होती. साडेपाच तास मिळवले की पहाटेचे 2:10 होतात, म्हणजे वाचली होती ती नवीच फाइल. तेव्हापासून वेळ भारतीय हवी, असं एजंटच्या सूचनांमध्येच लिहून ठेवलंय.

दुसरी ठेच प्रॉपर्टीच्या नावाची. कोचिंग क्लासच्या साइटला "परवानगी नाही" असं उत्तर आलं आणि माझी अख्खी दुपार परवानग्या चाळण्यात गेली. ती डोमेन प्रॉपर्टी होती, म्हणजे अख्ख्या डोमेनची एकच नोंद. तिच्यासाठी 'एससी-डोमेन:' असं आधी लावून नाव द्यावं लागतं, एजंट मात्र एचटीटीपीएसवालं नाव घेऊन दार ठोठावत होता.

खरा फरक पडतो तो त्रुटी निघाल्यावर. एपीआय त्रुटी आणि इशाऱ्यांचा फक्त आकडा देतं. त्रुटी कोणती, ते बघायला पॅनलच उघडावं लागतं. एजंटला कारण विचारलंत तर तो ऐटीत एखादं कारण सांगेलही, पण तो अंदाज समजा. टूल न जोडता साध्या चॅटमध्ये "माझा साइटमॅप वाचला का" विचारणं तर निव्वळ वेळेचा अपव्यय.

रोबोट्स फाइलमध्ये (सर्च इंजिनांच्या बॉटसाठी सूचना असलेली फाइल) साइटमॅपचा पत्ता लिहिलाय पण सर्च कन्सोलमध्ये दिलाच नाही, तर तो पॅनल आणि एपीआय दोन्हीकडे दिसत नाही. आणि "यशस्वी" म्हणजे फाइल वाचली गेली, एवढंच. पान इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या शोधयादीत आलं का, हे पान-तपासणीतून कळतं. तिथे मात्र एजंट उपयोगी पडतो, कारण त्या एपीआयवर एका प्रॉपर्टीसाठी दिवसाला 2,000 पानांची मुभा आहे, आणि हातानं दोनशे पत्ते टाकत बसणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

जोडणार असाल तर फक्त वाचायची परवानगी द्या. पूर्ण परवानगीत साइटमॅप देता येतो तसा काढूनही टाकता येतो. काढल्यानं गुगल पानं विसरत नाही, पण अहवालातून तो साइटमॅप जातो, आणि ग्राहकाला ते समजावत बसणं मला नको.

पाच-सहाहून जास्त साइट असतील, किंवा एकच साइट पण साइटमॅपचे बरेच तुकडे असतील, तर एजंट जोडा. एका फाइलची मर्यादा 50,000 पत्ते किंवा 50 एमबी, त्यामुळे मोठ्या दुकानांच्या साइटला तुकडे होतातच. वर्डप्रेसचा स्वतःचा साइटमॅप तर 2,000 पत्त्यांनाच नवी फाइल काढतो. एक-दोन साइट असतील तर एपीआयची की बनवा, परवानगी द्या, सूचना लिहा, हा खटाटोप कशाला? गुगलच म्हणतं की साधारण 500 पानांच्या आतली, नीट लिंक केलेली साइट असेल तर साइटमॅप नसला तरी बहुधा चालतं.

संत्र्यावाल्या भाऊंनी परवा एजंटचं ऐकलं आणि म्हणाले, "मलेबी जोडून द्या." त्यांची साइट बावीस पानांची. मी त्यांच्याच फोनवर सर्च कन्सोल उघडून दिलं, आणि नवं पान मुखपृष्ठावरून लिंकच केलेलं नव्हतं, ते केलं.