मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढून घेतली, त्याचा अनुभव (जरा लांब लिहिलंय)

आईचा तानपुरा आहे माझ्याकडे, 1986 सालचा, मिरजेतूनच घेतलेला. गेली दोनेक वर्षं असं व्हायचं की मोबाईलवरचा ट्यूनर सांगायचा सगळं जुळलंय पण कानाला काही ते पटायचं नाही, तार छेडली की आवाज टक् करून तिथेच बसायचा, एका सा मधून हळूहळू बाकीचे सूर उमलत जातात ते होतच नव्हतं. माझ्या गाण्याच्या बाई म्हणाल्या जवारी गेलीये (म्हणजे तारेखालच्या घोडीचा उतार बिघडलाय, पुढे सांगते), काढून घे.

आधी जवळच एकाकडे दाखवला (नाव घेत नाही). त्यांनी दहा मिनिटांत पॉलिश पेपर फिरवला, 500 रुपये घेतले, आणि आवाज आणखीनच बिघडला, नुसती झणझण. मग ठरवलं आता थेट मिरज. रात्रीची महालक्ष्मी पकडली, खालच्या बर्थवर तानपुरा आणि मी त्याच्या पायथ्याशी बसून.

सतारमेकर गल्लीत गेलात तर कळेल, एकाला लागून एक वाद्यांची दुकानं आहेत. शस्त्रांचं काम करणारी शिकलगार मंडळी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी सतार-तानपुऱ्याकडे वळली आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून हेच करतायत. मी ज्यांच्याकडे गेले ते चाचा सत्तरीचे असतील. त्यांनी तानपुऱ्याला हातच लावला नाही आधी, विचारलं, "पट्टी कोणती तुमची?" म्हटलं काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी, माझा सा तिथे). म्हणाले "सा लावून दाखवा." भर सकाळी दुकानात बसून मी सा लावला. मग म्हणाले हा तानपुरा काळी पाचला लावत होते ना आधी? बरोबर होतं, आईची पट्टी तीच. पट्टी उतरली की तारेचा ताण बदलतो, मग जुनी जवारी जुळत नाही, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर जी पसरट घोडी असते, जिच्यावरून चारी तारा जातात, ती दिसायला सपाट असते पण सपाट नसते. तिला इतका हलका उतार असतो की हलणारी तार तिला पुन्हा पुन्हा जेमतेम टेकत राहते, आणि तो गुंजारव तिथून येतो. वाजवून वाजवून तारेने तिच्यावर चर पडते आणि उतार मोडतो. जवारी काढायची म्हणजे तो उतार परत आणायचा, आणि तोही चारी तारांसाठी वेगवेगळा, कारण खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार जाड, पितळेची, बाकीच्या पोलादी.

चाचा कानस दोनदा फिरवायचे, फुंकर मारायचे, तार जागेवर सरकवून चढवायचे, छेडायचे, डोळे मिटून ऐकायचे, परत तार उतरवायची, परत कानस. एका तारेला हे मी वीस वेळा तरी मोजलं, मग मोजणं सोडलं. मध्येच नातू काहीतरी विचारायला आला तर त्याला हातानेच थांब म्हणाले, आवाज पूर्ण विरेपर्यंत बोलले नाहीत. मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर केसभर पुढे सरकवला आणि एका जागी आवाज एकदम उघडला. खरंच अंगावर काटा आला. दुपारी तीनला मला वाटलं झालं, निघू या, तर म्हणाले नवी तार ताणली जाते, संध्याकाळी या. संध्याकाळी गेले तर खर्जाचं काम पहिल्यापासून परत केलं. मला तर दुपारचंच छान वाटलं होतं, त्यांनी तसंच दिलं असतं तर मला कळलंही नसतं.

बिल झालं 1800, जवारीचे 1500 आणि तारांचे 300. दिरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, घासायचे एवढे? आणि मला त्यांचा राग आला नाही, कारण पावतीवर काय लिहिलं होतं, "तानपुरा दुरुस्ती". एवढंच. दिवसभराचं काम आणि दोन शब्द. मी सकाळी मोबाईलवर आधीचा आवाज रेकॉर्ड केला होता, संध्याकाळी नंतरचाही केला, ते दोन्ही त्यांना पाठवले, खाली लिहिलं की यातला फरक करायला आठ तास लागलेत. दहा मिनिटांनी त्यांचा फोन, आमच्या ऑफिसातल्या एकाची सतार आहे, पत्ता दे म्हणून.

चाचांना म्हटलं तुम्ही हे सांगत का नाही गिऱ्हाइकाला? तर म्हणाले, नवीन वाद्य घ्यायला आलेले लोक नक्षी बघतात, पॉलिश बघतात, त्याला पैसे द्यायला कुरकुर नाही करत, घोडीकडे कुणी बघत नाही. 2024 ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मलाही अभिमान आहे, पण ते वाद्याला मिळालं, हे दुरुस्तीचं काम पावतीवर तरी दिसायला नको का. मी आगाऊपणा करून त्यांच्याच पावतीवर लिहून दिलं: चारही तारा नवीन, घोडीवरची चर काढली, काळी चारला चार तारांची वेगवेगळी जवारी, खर्जाची दोनदा. नातवाने फोटो काढून घेतला, म्हणाला आता अशीच लिहू. आणि सकाळी गिऱ्हाइकालाच आधीचा आवाज रेकॉर्ड करायला सांगा असंही मी त्याला सांगून आले.

तक्रारी पण सांगते. फोन उचलत नाहीत, चार दिवस लावला तेव्हा लागला. बसायला एकच स्टूल. किती वेळ लागेल ते आधी सांगत नाहीत, त्यामुळे परतीचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. यूपीआय चालतं. दुकानाचं नाव टाकू का विचारलं तर म्हणाले गल्लीचं नाव लिहा, इथे सगळेच हे काम करतात. म्हणून नाव टाकलेलं नाही.

येताना तारा थोड्या उतरवून आणायच्या, आणि घरी आल्यावर पंधरा दिवस रोज लावायचा असं सांगितलंय, मगच तारा बसतात. आज नववा दिवस, खर्ज अजून जरासा उतरतो. काल आई फोनवर बोलता बोलता थांबली, म्हणाली मागे तानपुरा चालू आहे का, तसाच राहू दे जरा.