मुलीने एकेरी खेळावं की दुहेरी?

बॅडमिंटन मनापासून खेळणारी मुलगी पंधरा वर्षांची झाली की घरात हा प्रश्न येतोच. तोवर ती जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धांमध्ये दोन्हीकडे नाव देत असते. मग एखाद्या मोसमात एकेरीत लवकर हरायला लागते आणि कोणीतरी सुचवतं, आता दुहेरीवर लक्ष द्या. एकेरीत जमलं नाही म्हणून दुहेरी, हा विचार मला अजिबात पटत नाही. दोन्हींत घडणारं आयुष्य इतकं वेगळं आहे की निवड आवडीने आणि माहिती घेऊन व्हायला हवी.

आधी खेळ बघू. एकेरीचं कोर्ट ५.१८ मीटर रुंद, दुहेरीचं ६.१. पण खरा फरक सर्व्हिसचा. दुहेरीत सर्व्हिस मागच्या रेषेच्या ७६ सेंटिमीटर आतच पडावी लागते, त्यामुळे उंच, लांब सर्व्हिस केली तर समोरून स्मॅश आलाच म्हणून समजा. जाळ्याला घासून जाणारी सर्व्हिस आणि तिच्यावर झडप घालून मारलेला पहिला फटका, इथेच पुष्कळसे गुण ठरतात. ज्या मुलीचे हात चपळ आहेत, जिला जाळ्याजवळ शटल अडवायला आवडतं, तिचा इथे जीव रमतो.

एकेरीत वाट बघावी लागते. समोरचीला चार कोपऱ्यांत फिरवायचं, थकवायचं, आणि स्वतः थकल्यावरही चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. ग्लासगोला २०१७ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पी. व्ही. सिंधू आणि जपानची नोझोमी ओकुहारा यांची अंतिम लढत ११० मिनिटं चालली. दुसरा गेम ७३ फटक्यांच्या रॅलीने संपला आणि तिसरा सिंधू २०-२२ असा हरली. दोन वर्षांनी बासेलला त्याच ओकुहाराला तिने अंतिम सामन्यात २१-७, २१-७ असं हरवलं. तुमच्या मुलीला असं एकटीने झुंजायला आवडतं का, हे तिच्या प्रशिक्षकापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असेल. हरल्यावर ती दोन दिवस गप्प बसते की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बूट घालते, ते आठवा.

दुहेरीत पळापळ कमी, म्हणून ती सोपी, असं समजून कोणी तिकडे वळत असेल तर थांबा. वरच्या पातळीवर महिला दुहेरीतला बचाव इतका पक्का असतो की शंभराहून जास्त फटक्यांच्या रॅलीही होतात. पुरुष दुहेरीसारखा तीन-चार फटक्यांत गुण मिळत नाही.

शरीराचा हिशेब मात्र थोडा दुहेरीच्या बाजूने झुकतो असं मला वाटतं. एकेरीत अख्खं कोर्ट एकटीच्या गुडघ्यांवर असतं. रिओच्या ऑलिंपिकला साईना नेहवाल दुखऱ्या गुडघ्याने उतरली आणि लगेच शस्त्रक्रिया करावी लागली. स्पेनच्या कॅरोलिना मारिनचा एक गुडघा २०१९ मध्ये गेला, दुसरा २०२१ मध्ये, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला उपांत्य सामन्यात पुढे असताना पुन्हा दुखापत होऊन तिला कोर्ट सोडावं लागलं. आपल्या मुंबईची अपर्णा पोपट सलग नऊ वर्षं राष्ट्रीय विजेती होती. मनगटाने साथ सोडली आणि २००६ मध्ये तिशीच्या आतच ती थांबली. दुहेरीत अश्विनी पोनप्पा ३४ व्या वर्षी पॅरिसला खेळली. इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोलीने ३३ व्या वर्षी टोकियोत सुवर्ण जिंकलं.

पण पोलीचीच गोष्ट पूर्ण ऐकली तर दुहेरीची सगळ्यात अवघड बाजू कळते. लंडन ऑलिंपिकला २०१२ मध्ये मुद्दाम हरण्याच्या प्रकरणात तिची जोडी अपात्र ठरली. पुढे नित्या महेश्वरीबरोबर तिचं चांगलं जमलं, तर रिओनंतर नित्या गुडघ्याच्या दुखण्याने निवृत्त झाली. मग तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या अप्रियानी रहायूबरोबर सगळी घडी नव्याने बसवायची. त्या जोडीने मानांकन नसताना ऑलिंपिक जिंकलं. दुहेरीत तुमची कारकीर्द दुसरीच्या गुडघ्यावर, दुसरीच्या शिक्षणावर, लग्नावर, मनःस्थितीवरही अवलंबून असते. जागतिक क्रमवारी जोडीची असते. जोडीदार बदलली की नव्या जोडीचे गुण शून्यापासून.

आपल्याकडे ज्वाला गुट्टा आणि अश्विनीने २०१० चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०११ चं जागतिक कांस्य मिळवलं. लंडन ऑलिंपिकनंतर ज्वाला काही काळ थांबली, तेव्हा अश्विनी आपल्या प्रज्ञा गद्रेबरोबर खेळू लागली, नंतर पुन्हा ज्वालाबरोबर. शेवटच्या टप्प्यात मूळ गोव्याच्या तनिषा क्रास्टोबरोबर तिने २०२३ पासून क्रमवारी चढत पॅरिस गाठलं. त्या वेळी त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद ही दुसरी भारतीय जोडी घरी राहिली. ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेत २०२२ मध्ये राखीव यादीतून आत येऊन उपांत्य फेरी, २०२३ मध्ये पुन्हा उपांत्य फेरी, एवढं करूनही. कारण ऑलिंपिकला दुहेरीत जेमतेम १६ जोड्या असतात आणि एका देशाच्या दोन जोड्या हव्या असतील तर दोन्ही जागतिक क्रमवारीच्या पहिल्या आठांत लागतात. एकेरीत हीच अट पहिल्या सोळांची आहे, म्हणून रिओला साईना आणि सिंधू दोघी जाऊ शकल्या.

पैशांत अंतर मोठं आहे. वर्ल्ड टूर या आंतरराष्ट्रीय मालिकेच्या मोठ्या स्पर्धांत एकेरीच्या विजेतीला एकूण बक्षिसाच्या ७ टक्के आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के मिळतात. इंडिया ओपनचं २०२५ चं बक्षीस साडेनऊ लाख डॉलर होतं. म्हणजे एकेरी विजेतीला ६६,५०० डॉलर आणि दुहेरीत प्रत्येकीला ३५,१५०. जाहिरातींची तर तुलनाच नको. सिंधू २०१८ मध्ये फोर्ब्सच्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या महिला खेळाडूंच्या यादीत सातवी होती, आणि त्यातला फार मोठा भाग जाहिरातींचा होता. एकेरीत नावही एका दिवसात होतं. नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये साईनाला हरवलं आणि संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांना माहीत झाली. दुहेरीच्या मुलीला मिश्र दुहेरीची आणखी एक संधी असते, एवढं तिच्या बाजूने. नोकरीसाठी दोन्ही सारखेच: रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या आणि राज्य सरकारचं ५ टक्के क्रीडा आरक्षण पदकं बघतं.

माझं मत विचाराल तर सोळापर्यंत दोन्ही खेळू द्या. एकेरीचं पायकाम दुहेरीत वाया जात नाही. गायत्रीनेही आधी एकेरी खेळूनच दक्षिण आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं होतं. त्यानंतर मुलीला दुहेरी आवडत असेल, तिच्याच तोडीची जोडीदार असेल आणि प्रशिक्षक दुहेरी वेगळी शिकवत असतील, तर बिनधास्त दुहेरी निवडा. त्या वाटेवर भारतात अजून गर्दी कमी आहे. या तिन्हींतली एक गोष्ट जरी नसेल, तर एकेरीतच राहू द्या.

प्रशिक्षकांना थेट विचारा: आठवड्यातली किती सत्रं फक्त दुहेरीची असतात? सर्व्हिस आणि पहिला फटका यांचा वेगळा सराव होतो का? आणि जोडीदार ठरली की दहावीच्या सुट्टीतच तिच्या आईवडिलांना भेटा. बारावीच्या वर्षी स्पर्धा खेळायच्या की नाही, परगावच्या खर्चाचं काय, अकादमीसाठी हैदराबाद किंवा बंगळुरूला जायची वेळ आली तर दोघी जाणार का, हे त्याच बैठकीत बोलून घ्या.