कानातले ठोके आणि माझे गेलेले ४२,०४९ रुपये

नाडीच्या ठोक्याबरोबर कानात आवाज येत असेल, तर त्याचे कारण शोधण्याआधीच औषध किंवा यंत्र विकू पाहणाऱ्या कोणालाही एक रुपया देऊ नका. मी ४२,०४९ रुपये दिले. ४९९, १४,८००, २३,५०० आणि ३,२५० अशा रकमांनी ते गेले आणि प्रत्येक वेळी मागणाऱ्याकडे पटेल असे कारण तयार होते. मी एका पतसंस्थेत लोकांच्या पैशांचा हिशेब पाहते, त्यामुळे हे लिहिताना मान खाली जाते. तरीही लिहिते आहे, कारण ही माणसे नेमक्या आमच्यासारख्या रुग्णांच्या शोधात असतात.

माझ्या उजव्या कानात फुस्स-फुस्स असा आवाज सुरू झाला. नेहमीच्या कान वाजण्यासारखा तो एकसुरी नव्हता. मनगटावर बोट ठेवून पाहिले की नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो येई, जिना चढल्यावर वेग घेई आणि रात्री उजव्या कुशीवर वळले की झोप लागू देत नसे. तालुक्याच्या डॉक्टरांनी कानातला मळ काढला, श्रवणचाचणी करून घेतली आणि ती निर्दोष आल्यावर ‘ताण घेऊ नका’ असे सांगून चक्करेच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी मी हा विषय काढणेच बंद केले. ‘एवढी शिकलेली बाई फसली कशी?’ असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तोपर्यंत माझे म्हणणे कोणी शेवटपर्यंत ऐकूनच घेतले नव्हते. फेसबुकवरील जाहिरातीखाली क्रमांक दिल्यावर ज्याचा फोन आला, त्याने ते ऐकून घेतले.

पुढचा क्रम असा होता. ४९९ रुपयांत व्हिडिओ कॉलवर तपासणी, पांढऱ्या कोटातला ‘तज्ज्ञ’, आणि थोड्याच वेळात व्हॉट्सॲपवर ‘कानाची नस सुकली आहे’ असे सांगणारा रंगीत अहवाल. त्यावर १४,८०० रुपयांचे तेल व गोळ्या. गुण येईना म्हणून लाल प्रकाशाचे यंत्र. त्याची २३,५०० रुपयांची अनामत परत मिळणार होती. ती मागितली तेव्हा यंत्र परत पाठवण्याच्या विम्याचे ३,२५० रुपये भरायला लावले, आणि ते भरताच सगळे क्रमांक बंद झाले.

त्या व्हिडिओ कॉलमधला एक क्षण मात्र आजही माझा जीव जाळतो. मी त्याला सांगितले की मानेच्या उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली बोटांनी हलकेच दाबले की आवाज पूर्ण थांबतो आणि बोटे काढताच पुन्हा सुरू होतो. तो म्हणाला, ‘ताई, कानाची नस तिथूनच जाते, आपले तेल तिथेच काम करते.’ आवाज रक्तवाहिनीतून येतो आहे याचा पुरावा माझ्याच बोटांखाली होता, आणि समोरच्या माणसाला त्यावर एकही प्रश्न सुचला नाही! रक्तदाब किती, हिमोग्लोबिन किती, थायरॉइड तपासले का, डोके दुखते का, नजर अंधूक होते का, यांपैकी काहीही त्याने विचारले नाही. कॉल तिथेच बंद व्हायला हवा होता. पैसे भरताना क्यूआर कोडवर कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव आले, तेही मी पाहिले आणि विचारले. ‘ते आमचे अकाउंटंट आहेत’ असे उत्तर आले. नाव जुळले नाही की व्यवहार सोडून द्यावा, खुलासा मागू नये. खुलासे त्यांच्याकडे पाठ असतात.

खरे निदान पुण्यात झाले. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानामागे स्टेथोस्कोप ठेवला आणि तो आवाज त्यांनाही ऐकू आला. मान दाबल्यावर तो थांबतो हे कळताच त्यांनी शिरेवर संशय घेतला. आधी डोळ्यांचे पडदे तपासून घेतले, कारण कवटीतला दाब वाढला असेल तर डोळ्याच्या नसेला सूज येते आणि दृष्टीही जाऊ शकते. मग शिरांच्या चित्रणासह एमआरआय आणि कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन झाला. कानामागच्या सिग्मॉइड सायनस या मोठ्या शिरेला फुगवटा आला आहे आणि तिच्यावरचे हाड पातळ होऊन नाहीसे झाले आहे, असे त्यात दिसले. कोणत्या तेलाने ते हाड भरून येणार होते? असा आवाज रक्तक्षयाने, थायरॉइड वाढल्याने, मानेतली रोहिणी अरुंद झाल्यानेही येतो. मेंदूच्या आवरणात रोहिणी आणि शीर थेट जोडल्या गेल्या असतील तरीही येतो, आणि तसा रुग्ण तेल चोळत बसला तर मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच्या जिवावर बेतू शकते. श्रवणचाचणी निर्दोष आली म्हणून कोणीही घरी बसू नये.

तक्रारीचे जे झाले, त्याने फसवणुकीपेक्षा जास्त मनस्ताप दिला. पोलीस ठाण्यात ‘पिन तुम्हीच टाकला ना, मग गुन्हा कसला?’ असे ऐकून घ्यावे लागले. तिथून सायबर शाखेकडे पाठवले, आणि सायबर शाखेने ठाण्याचे पत्र मागितले. बँकेने ‘ग्राहकाने स्वतः केलेला व्यवहार’ असे लिहून अर्ज निकाली काढला. औषधांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयात मी बाटली घेऊन गेले, लेबलवर परवाना क्रमांक नसल्याचे दाखवले, तर मलाच उत्पादकाचा पत्ता आणायला सांगण्यात आले. तो पत्ता कुठेच नाही हीच तर माझी तक्रार होती. बहिरेपणा बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे, त्याच्या अनुसूचीत बहिरेपणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि माझ्याकडच्या जाहिरातीत ‘बहिरेपणा मुळापासून जाईल’ असे ठळक अक्षरांत होते. हे मी कायद्याची प्रत पुढे ठेवून सांगितले, तेव्हा समोरच्या कर्मचाऱ्याने ‘बाई, एवढ्याशा रकमेसाठी कशाला फिरता?’ असे विचारले. एवढीशी रक्कम! माझ्या पगारातून ती साठायला किती काळ लागतो, हे त्याला कोण सांगणार? तीच जाहिरात नाव बदलून आजही माझ्या फोनवर येते, आणि ती थांबवणे आपले काम आहे असे यांपैकी एकाही कार्यालयाला वाटत नाही.

पैसे गेल्याचे कळताच, ठाण्यात जाण्याआधी, १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी ती रोखता येण्याची शक्यता असते. मला हा क्रमांक ठाण्यात कोणीही सांगितला नाही.

क्यूआर कोडवर ज्याचे नाव होते, त्या खातेदाराविरुद्ध मी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देत आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकील नसला तरी चालतो, आणि तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. ज्यांना ‘नस सुकली’ असा अहवाल आला असेल, त्यांनी संभाषण पुसू नये, पावत्या कागदावर छापून ठेवाव्यात आणि रिकाम्या बाटल्यासुद्धा लेबलसकट जपाव्यात. मी संतापाच्या भरात गोळ्यांचे खोके फेकून दिले, आणि आता आयोगापुढे ठेवायला माझ्याकडे तेलाची एकच बाटली उरली आहे.